जरा धरता का?

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ले साब्ल दोलोन नावाचं बंदर आहे. दर चार वर्षांनी तिथून व्हॉंदे ग्लोब ही शिडाच्या बोटींची शर्यत सुटते. एका बोटीत एकच माणूस. वाटेत थांबायचं नाही, बोटीसाठी बाहेरून मदत घ्यायची नाही, पृथ्वीला वळसा घालून परत त्याच बंदरात यायचं. २७ जानेवारी २०२१ च्या रात्री शार्ली दालँ तिथे सगळ्यांत आधी पोचला. काही तासांनी लुई ब्युर्तों आला. पहाटे यानिक बेस्तावेन तिसरा आला आणि शर्यत जिंकला.

कारण त्याच्या खात्यात दहा तास पंधरा मिनिटं जमा होती. त्याची गोष्ट अशी की दोन महिन्यांपूर्वी, ३० नोव्हेंबर २०२० ला, केप टाऊनच्या नैर्ऋत्येला आठशेहून जास्त सागरी मैलांवर केव्हिन एस्कोफिएची 'पीआरबी' ही बोट एका लाटेत घुसली आणि तिचं नाक काटकोनात दुमडलं. बोट चिरली म्हणा ना. अंगावर जीवरक्षक सूट चढवायला आणि किनाऱ्यावर दोन शब्दांचा निरोप टाकायला जेमतेम वेळ मिळाला, मग तो तराफ्यावर. सगळ्यांत जवळ होता ज्याँ ल काम, वय ६१. तो वळला, दोनेक तासांत तिथे पोचला, एस्कोफिए त्याला दिसलासुद्धा. पण पाच मीटरच्या लाटांत बोट फिरवून पुन्हा त्याच जागी येईपर्यंत तराफा नाहीसा झाला. अंधार पडला. शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी आणखी तिघांना शोधाला लावलं, त्यातला एक बेस्तावेन. मध्यरात्र उलटल्यावर ल कामला लाटांत एक बारीकसा दिवा दिसला, मग नाहीसा झाला, मग पुन्हा दिसला. एस्कोफिए सापडला.

शोधात गेलेल्यांना नंतर वेळ परत मिळाला. ल कामला सव्वासोळा तास, बेस्तावेनला सव्वादहा, बोरिस हेरमानला सहा. ऐंशी दिवसांच्या शर्यतीचा निकाल शेवटी अडीच तासांच्या फरकाने लागला, आणि तो फरक असा आला होता. दालँने खळखळ केली नाही. नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता.

आता यातली गंमत. त्याच्या जवळजवळ बारा वर्षांपूर्वी, जानेवारी २००९ मध्ये, याच शर्यतीत केप हॉर्नच्या अलीकडे ल कामची बोट उलटी झाली होती आणि तो आत अडकून बसला होता. त्याला बाहेर काढलं व्हॅन्साँ रिऊने, आणि रिऊच्या बोटीचं नाव होतं 'पीआरबी'. बोट निराळी, प्रायोजक तोच. उलट्या बोटीच्या जवळ जाताना रिऊच्या बोटीला मार बसला आणि थोड्या वेळाने त्याची डोलकाठी कोसळली. त्याची शर्यत तिथे संपली, तरी पंचांनी त्याला तिसरा क्रमांक दिला. तो त्याला मार्क गियमोबरोबर वाटून घ्यावा लागला. आणि हा गियमो म्हणजे ज्याने त्याच शर्यतीत, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला मांडीचं हाड मोडून पडलेल्या यान एलिएसच्या बोटीभोवती घिरट्या घातल्या होत्या. दुसऱ्याच्या बोटीवर उडी मारून जाणं अशक्य होतं. औषधं आणि पाणी फेकून बघितलं. बाकी काय करणार? ऑस्ट्रेलियन नौदलाचं जहाज येईपर्यंत तो फक्त जवळपास राहिला आणि रेडिओवर बोलत राहिला. ते तास मोजून त्याला परत दिले गेले.

मला या सगळ्यात सुटकेच्या थरारापेक्षा हिशोबच जास्त आवडतो. आपल्याकडे मदतीचा हिशोब ठेवणं हलकं समजतात. 'आम्ही काही मोजून नाही केलं हो' हे वाक्य कुणी म्हटलं की समजावं, मोजलेलं आहे आणि ते आता आपल्याला ऐकवलं जाणार आहे. इथे पंच बसतात, नकाशा काढतात, हा माणूस इतक्या वाजता इकडे वळला, इतका वेळ फिरला, पुन्हा मार्गाला लागायला इतका वेळ गेला, म्हणून इतके तास इतकी मिनिटं. मग विषय संपला. वाचवणाऱ्याला हुतात्मा व्हावं लागत नाही आणि वाचलेल्याला जन्मभर मान खाली घालून हिंडावं लागत नाही.

शिडांच्या शर्यतींची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, जाडजूड. कुणी कुणाला वाट द्यायची, बोयाला वळसा कसा घालायचा, तक्रार किती वेळात करायची, असं सगळं त्यात आहे. पण पहिला नियम यातल्या कशाबद्दलच नाही. संकटातल्या कुठल्याही माणसाला किंवा बोटीला शक्य ती सगळी मदत केली पाहिजे, असा तो आहे. मदत करताना मागे पडलात तर भरपाई मागता येते, तेही पुढे लिहिलेलं आहे. लॉरेन्स लेम्यू या कॅनेडियन माणसाची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये शिडांच्या शर्यती बुसानला होत्या. २४ सप्टेंबरला वारा एकदम चढला. लेम्यू दुसरा चालला होता. बाजूच्या वेगळ्याच शर्यतीतली सिंगापूरची बोट त्याला उलटलेली दिसली, दोघे पाण्यात, एक बोटीपासून लांब वाहत चाललेला. तो वळला, दोघांना आपल्या एका माणसाच्या बोटीत घेतलं, मदतनौका येईपर्यंत धरून ठेवलं आणि मग शर्यत पुरी केली. बाविसावा आला. पंचांनी त्या फेरीत त्याला दुसराच धरला. एकूण निकालात मात्र पदक नाही, अकरावा क्रमांक. वेगळं सन्मानपदक मिळालं, ते निराळं.

मी असल्या समुद्रावर कधी गेलेलो नाही आणि जाणारही नाही. माझा समुद्र मोरजीचा. उत्तर गोव्यात, शापोरा नदीच्या मुखाच्या वर. थंडीच्या दिवसांत दुपारी जेवणं झाली की वायव्येकडून वारा धरतो आणि किनाऱ्यावर काइट उघडायला लागतात. गाववाले आम्हाला पतंगवाले म्हणतात. नाव बरोबरच आहे, फक्त हा पतंग आपल्याला उडवतो.

ज्यांनी काइटसर्फिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कमानीसारखं कापड, नऊदहा चौरस मीटरचं. त्याच्या पुढच्या कडेला जाड नळी, ती पंपाने टणक होईपर्यंत फुगवायची. कापडापासून चार दोऱ्या निघतात, वीस-बावीस मीटर लांब, आणि एका दांड्याला येऊन मिळतात. दांडा कंबरेच्या पट्ट्याला अडकवलेला. पायाखाली फळी. दोऱ्यांच्या या टोकाला तुम्ही उभे, त्या टोकाला वाळूवर काइट. आता तो हवेत जाणार कसा? वाळूचं वजन टाकून, दोरी कुठे अडकवून एकट्याने उडवायच्या युक्त्या आहेत. पण शहाणा माणूस इकडेतिकडे बघतो आणि पहिला जो कोण दिसेल त्याला विचारतो, 'जरा धरता का?'

हा जो कोण असतो, तो बहुतेक वेळा अनोळखी असतो. मोरजीला रशियन पुष्कळ. शिवाय बंगळुरूची, पुण्याची, मुंबईची मुलं, काइट शिकवणाऱ्या शाळांमधली पोरं, आणि शॅकमध्ये काम करता करता हे शिकलेला एखादा नेपाळी. भाषा लागत नाही. तो येतो, नळीच्या बरोबर मध्यावर दोन्ही हातांनी धरतो, काइट एका टोकावर उभा करतो. तुम्ही दोऱ्या ताणून घेत बाजूला सरकता. कापड फडफडत असतं, तुम्ही आणखी दोन पावलं सरकता, आणि एका ठिकाणी फडफड थांबते. कापड वाऱ्याने भरतं. मग अंगठा वर. तो सोडतो. नुसतं सोडायचं असतं, फेकायचं नाही. नवखे लोक फेकतात, उत्साहाने, आणि मग पुढचं दृश्य बघण्यासारखं असतं, लांबून.

पण त्या अंगठ्याआधीचे काही सेकंद मला नेहमी महत्त्वाचे वाटत आलेत. काइट धरलेल्या माणसाची नजर दोऱ्यांवरून फिरते. कापडाच्या टोकाला दोरीचा वेढा बसलाय का, पुढची आणि मागची उलटसुलट झालीय का, खालच्या बाजूला कुणाचं पोर किल्ला करत बसलंय का. दांड्यापाशी उभ्या असलेल्याला हे बावीस मीटरवरून नीट दिसत नाही. धरणाऱ्याला दिसतं. दोरी चुकीची अडकली असताना काइट सुटला तर तो गरगरत खाली येतो आणि दांड्याला बांधलेल्या माणसाला वाळूवरून फरफटत नेतो. हाडं मोडतात, त्याहून वाईटही होतं. म्हणून धरणाऱ्याला नाही म्हणायचा अधिकार आहे, आणि तो वापरला जातो. गेल्या मोसमात एक तगडा तरुण कोरं सामान घेऊन उभा होता, सारखा अंगठा दाखवत होता. काइट धरला होता तिथल्याच एका सोळा-सतरा वर्षांच्या पोराने. पोरगं मान हलवत होतं. तरुण वैतागून ओरडायला लागला. पोराने काही न बोलता काइट पालथा केला, त्यावर वाळूची ओंजळ टाकली, चालत जाऊन टोकाला अडकलेली दोरी सोडवली, परत आला, पुन्हा धरला. आता अंगठा दाखव, अशा अर्थाने हनुवटी उडवली. तरुणाने दाखवला. ते दोघे नंतर एकमेकांशी बोललेलेही मी पाहिले नाहीत.

उतरतानाही तसंच. पाण्यातून किनाऱ्याकडे येणारा माणूस एक हात दांड्यावर ठेवून दुसऱ्या हाताने स्वतःच्या डोक्यावर थोपटतो. जगभर त्याचा एकच अर्थ: मला उतरवून घ्या. मग शॅकच्या सावलीत चहा पीत बसलेलं कुणीतरी कप ठेवून धावतं. कोण धावायचं हे ठरलेलं नसतं. दोघे उठले तर मागचा बसतो. फळी सुटून वाहत चालली तर तिच्या वाऱ्याखाली जो असेल तो ती घेऊन येतो. वारा पडून काइट पाण्यात बसला आणि माणूस नदीच्या मुखाकडे ओढला जाऊ लागला, तर जवळून जाणारा आधी ओरडून विचारतो, ठीक आहेस का, आणि उत्तर पटलं नाही तर फिरत राहतो.

मला या गोष्टीचं अप्रूप वाटायचं कारण माझी जडणघडण. आमच्या घरी 'कशाला कुणाला त्रास' हे बोधवाक्य होतं. कपाट हलवायचं तर शेजारच्यांना बोलवायचं नाही, आपणच पाठीत चमक भरून घ्यायची. पाहुणे स्टेशनवर न्यायला येतो म्हणाले तर 'छे छे, आम्ही येतो रिक्षाने'. दवाखान्यात असलो तर बरं होऊन घरी आल्यावर कळवायचं. यामागे स्वाभिमान असतो हे खरं, पण भीतीही असते. आज मदत घेतली की उद्या ती फेडावी लागेल, त्यांच्या मुंजीला पाच दिवस राबावं लागेल, शिवाय चार लोकांत त्याचा उल्लेख होईल. म्हणून आपण मदत करायला एक वेळ पटकन पुढे होतो, मागायला मात्र जीव खालीवर होतो. वाऱ्याच्या खेळात हा संकोच पहिल्याच दुपारी गळून पडतो, कारण त्याला जागाच नाही. मागितल्याशिवाय खेळच सुरू होत नाही. तिथला सगळ्यांत पट्टीचा, पंधरा फूट उंच उड्या मारणारा माणूससुद्धा रोज दुपारी कुणा नवशिक्यासमोर जाऊन म्हणतो, 'जरा धरता का?' आणि नवशिक्या धरतो. ऋण नाही, आभारसुद्धा धड नाहीत, कारण अंगठा वर झाल्यावर तो माणूस पाण्यात गेलेला असतो.

आपल्या रस्त्यावरही अशी एक जागा आहे म्हणा. ट्रक मागे घेताना कुठूनतरी एक अनोळखी माणूस येतो, मागच्या पत्र्यावर थाप मारतो आणि 'येऊ द्या, येऊ द्या, बास' म्हणून निघून जातो. ड्रायव्हरने त्याला बोलावलेलं नसतं, त्याचं तोंडही नीट पाहिलेलं नसतं. काइटच्या किनाऱ्यावर दिवसभर हेच चालतं.

हवेतही चालतं. कामशेतला पॅराग्लायडिंग करणारे मित्र सांगतात, तिथे तर न मागता मदत मिळते. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे खांब उठतात. ते दिसत नाहीत. एखादा पायलट त्यात सापडून गोल गोल चढायला लागला की बाकीच्यांना जागा कळते आणि सगळे तिकडे वळतात. पहिला ज्या दिशेने फिरत असेल त्याच दिशेने मागून आलेल्यांनी फिरायचं, एवढीच अट. आपल्याला सापडलेलं लपवायची सोय त्या खेळात नाही. घारींनाही नाही, पायलट त्यांच्याही मागे जातात.

हे सगळं वाचून असं वाटू नये की ही माणसं जात्याच फार थोर असतात. मुळीच नाही. वारा चांगला आणि भरती चढलेली असली की किनारा अरुंद होतो, मग काइट पसरायला दहा फूट जागा मिळावी म्हणून जे चालतं ते नळावरच्या भांडणाला शोभेल. जुन्या सामानावर नाक मुरडणारे आहेत. पवनवाले आणि पतंगवाले, म्हणजे शिडाच्या फळीवर उभे राहणारे आणि काइटवाले, यांचं जगात कुठेच फारसं पटत नाही. मच्छीमारांच्या जाळ्यांवरून फळी नेणारे महाभाग मी पाहिलेत. आणि खेळ पैसेवाल्यांचाच. काइट, दांडा, पट्टा, फळी मिळून लाखाच्या पुढे सहज जातं. जो पोरगा ते धरतो त्याची स्वतःची काइट नसते. तो वापरतो ती शाळेची, ठिगळं लावलेली.

तरी थोपटणारा हात दिसला की भांडण करणारे दोघेही उठतात, हे मात्र खरं.

अभिलाष टॉमींबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आपल्याकडे शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कॅप्टन दिलीप दोंदे, २००९-१० मध्ये. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली. दोंदे समुद्रात असताना किनाऱ्यावरून त्यांना साथ देणाऱ्यांत टॉमी होते. पुढे २०१२-१३ मध्ये टॉमींनी त्याच बोटीतून, कुठेही न थांबता, प्रदक्षिणा केली. मग २०१८ ची गोल्डन ग्लोब शर्यत आली, तीही एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेची. तिचा नियम असा की पन्नास वर्षांपूर्वीच्या साधनांनीच जायचं: सेक्स्टंट (सूर्यताऱ्यांवरून आपली जागा काढायचं यंत्र), कागदी नकाशे, आणि साध्या जुन्या घडणीची बोट. टॉमींची 'थुरिया' गोव्यातच बांधलेली.

२१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळात बोट उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीचे मणके गेले. ते बिछान्यावरून उठू शकत नव्हते. जवळ उपग्रहावरून छोटे निरोप पाठवायचं यंत्र होतं, त्यावरून त्यांनी तेवढं कळवलं. त्या ठिकाणापासून कुठलीच जमीन जवळ नाही. मॉरिशसहून भारतीय नौदलाचं विमान उडालं, त्याने बोट शोधली. आयएनएस सातपुडा निघाली, ऑस्ट्रेलियाचं जहाज निघालं. सगळ्यांत आधी पोचली 'ओसिरिस', मासेमारीवर लक्ष ठेवणारी फ्रेंच गस्तनौका. २४ सप्टेंबरला तिच्या खलाशांनी टॉमींना उचलून आणलं आणि ॲमस्टरडॅम नावाच्या बेटावरच्या दवाखान्यात नेलं.

यात ज्याचं नाव आपल्याकडच्या बातम्यांत बारीक अक्षरात आलं तो म्हणजे ग्रेगर मॅकगकिन, शर्यतीतला आयरिश स्पर्धक. त्याच वादळात त्याचीही डोलकाठी मोडली होती. तो स्वतः सुटकेची वाट बघत बसू शकला असता, कुणी काही म्हटलं नसतं. त्याने जे उरलं होतं त्यातून तात्पुरती काठी उभी केली, तिला फाटकंतुटकं शीड बांधलं आणि टॉमींच्या दिशेने निघाला. पोचला असता तर त्या लाटांत नक्की काय करू शकला असता, हा प्रश्न कुणालाही पडेल. पण उठता न येणाऱ्या माणसासाठी कुणीतरी त्या बाजूला येतंय, ही माहितीसुद्धा काहीतरी असते. तिकडे गियमो एलिएसभोवती फिरत होता तेही याच हिशोबाने. शेवटी 'ओसिरिस'ने टॉमींना घेतल्यावर मॅकगकिनलाही उचललं.

इथे एक गोष्ट मला टोचते आणि ती लिहून टाकलेली बरी. नामांकित स्पर्धक हरवला की तीन देशांची जहाजं निघतात. कोकणातली होडी हरवली की आतल्या पानावर चार ओळी. हे मदत करणाऱ्यांचं पाप नव्हे, पण समुद्रावरचा नियम सगळ्यांना सारखा आहे असं म्हणताना जीभ जरा अडखळते. त्याचबरोबर हेही खरं की मच्छीमारांनी असल्या मोठ्या जहाजांची वाट कधी पाहिलेली नाही. २०१७ च्या अखेरीला ओखी वादळ आलं. केरळ-तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार बेपत्ता झाले, कितीतरी परत आलेच नाहीत. त्याच दिवसांत ६८ बोटी, त्यातल्या ६६ केरळच्या, वाऱ्याने रेटत आणलेल्या, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. त्यांवर ९५२ माणसं होती. मल्याळम आणि तमिळ बोलणारी. सिंधुदुर्गातल्या कुणाला ती भाषा येत असेल? पण वादळातून आलेल्या होडीचा दोर घ्यायचा असतो, हे सांगायला भाषा लागत नाही. जगातल्या कुठल्याही धक्क्यावर बघा, बोट आत येताना दिसली की तिथे उभा असलेला माणूस, मालक असो की भटका, हात पुढे करून दोर झेलतो आणि खुंट्याला वेढा देतो.

आणि मालवणकडची रापण आहेच. अर्धवर्तुळात टाकलेलं जाळं किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं, चाळीस-पन्नास माणसं लागतात. दोराला हात लावणाऱ्याला मासळीतला वाटा मिळतो. तू कोण, कुठला, हे नंतर. म्हणजे आमच्या किनाऱ्याला हे पतंगवाल्यांनी काही नवीन शिकवलेलं नाही. आमच्या पांढरपेशा घरांना शिकवलं असेल.

टॉमींच्या पाठीत टायटॅनियमच्या सळया बसवल्या, ते पुन्हा चालायला शिकले, आणि ४ सप्टेंबर २०२२ ला पुढच्या गोल्डन ग्लोब शर्यतीला ले साब्ल दोलोनहूनच निघाले. १८ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला फिनलंडच्या तापियो लेहतिनेनची बोट मागच्या बाजूने पाणी शिरून पाचेक मिनिटांत बुडाली. तराफ्यावर तो एकटा. सगळ्यांत जवळ, शंभरेक मैलांवर, होती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. ती वळली आणि रात्रभर स्वतः सुकाणू धरून बसली. तिच्यानंतरचे जवळचे टॉमी. त्यांनाही वळायला सांगितलं गेलं, आणि चार वर्षांपूर्वी ज्याच्याकडे लोक वळत होते तो माणूस आता दुसऱ्याकडे वळला. पुढे कर्स्टन पोचतेय असं दिसल्यावर त्यांना मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लेहतिनेनला बोटीवर घेतलं. दोघांनी थोडी रम घेतली. थोड्या वेळाने 'दर्या गायत्री' नावाचं मोठं मालवाहू जहाज आलं, लेहतिनेन त्याच्या दोरशिडीवरून वर चढला आणि कर्स्टन पुन्हा शर्यतीला लागली. तिच्या खात्यात पस्तीस तास जमा झाले, टॉमींच्या खात्यातही काही तास. २७ एप्रिल २०२३ ला ती पहिली आली, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी पहिली बाई. दोन दिवसांनी टॉमी दुसरे. या वेळी मात्र परत दिलेल्या तासांमुळे क्रम बदलला नाही. तिला ते लागलेच नाहीत.

मोरजीला फेब्रुवारीतल्या एका दुपारी शाळेची पोरं जेवायला गेली होती आणि काइट धरायला कुणीच दिसेना. कोल्हापूरकडचं एक कुटुंब पाण्यात पाय घालून उभं होतं. त्यातले काका बराच वेळ माझ्या पंपाकडे बघत होते. मी विचारलं, 'जरा धरता का?' ते चपला काढून बायकोच्या हातात देऊन आलेच. 'कुठं धरायचं सांगा.' मी सांगितलं, मधोमध, नळीला, दोऱ्यांना हात लावायचा नाही, बोटं कापतात, आणि मी अंगठा दाखवेपर्यंत सोडायचं नाही. 'आणि मला काय वावगं दिसलं तर?' हे मी सांगायच्या आधी त्यांनीच विचारलं. म्हटलं, मग अजिबात सोडायचं नाही, मी कितीही बोंबललो तरी. ते खूष झाले. पाय रोवून उभे राहिले, दोऱ्यांवरून नजर फिरवली, एकदा खाली वाकून बघितलं, आणि मी अंगठा दाखवल्यावर घाई न करता हात उघडले.

तासाभराने मी बाहेर आलो, डोक्यावर थोपटलं, तर धावत आले ते काकाच. तोवर त्यांनी आणखी तीनजणांचे काइट सोडले होते, त्यातले दोघे रशियन. बायको वाळूत बसून भाजलेली कणसं खात होती. 'चार वाजता निघायचं ठरलं होतं हो,' ती मला म्हणाली. काका तिकडे पुढच्या एकाला सांगत होते, 'ओ भाऊ, अजून थोडं तिकडं सरका. कापड फडफडायलंय बघा.'